विहिरीला पाणी होतं

घामाचे कपडे धुण्यात माझी पंचेचाळीस वर्षं गेली, पण मला घामाची किळस कधी आली नाही. घाम खरं बोलतो. घाबरून नाचलेल्याचा घाम आंबट येतो, मन लावून नाचलेल्याचा खारट येतो, आणि नुसता मिरवून आलेल्या माणसाचे कपडे धुवायचीही गरज पडत नाही. किळस आली ती त्या रविवारी, आमच्या सुवर्णमहोत्सवात. वजडीचं सूप थंड झालं की वर चरबी साकळते ना, ती कुणीतरी चमच्याने भरवल्यासारखी. अजून घशात बसलीय.

मी दोन्का. रुसे शहरातल्या गेर्जिकोव नृत्यमंडळीचा कपडेपट सांभाळते. दोनदा मला निवृत्त केलं आणि दोनदा परत बोलावलं, कारण जुन्या झग्यांची टाके-हूक यांची अक्कल दुसऱ्या कुणाला नाही. पण हे माझ्याबद्दल नाही, कीनाबद्दल आहे. कीना त्सोनेवा. हल्लीची पोरं तिला मागच्या दाराची बाई म्हणून ओळखतात. काचेच्या खिडकीमागे बसलेली, सूर्यफुलाच्या बिया सोलणारी, पाठीमागे किल्ल्यांची फळी. कुणी चिखलाचे बूट घेऊन आत शिरलं की म्हणणार, "पाय पूस रे बाबा. आत कला चाललीय, घसरून पडेल." नवीन पोरांना वाटतं म्हातारी विनोदी आहे. विनोदी कसली, चिडलेली आहे. अडतीस वर्षं चिडलेली आहे.

तिचा बाप इथल्याच नदीबंदरावर क्रेन चालवायचा. कीना सतराव्या वर्षी बिस्किटांच्या कारखान्यात लागली. कारखान्याच्या लोकनृत्याच्या चमूत ती नाचायची आणि तिथे तिला एवतीम गेर्जिकोवने पाहिलं. हा आमचा संस्थापक, आता भिंतीवर पितळेचा होऊन बसलाय तो. त्याची नजर पक्की होती, ते मी नाकारणार नाही. म्हणाला, "बाकीच्या नाचतात, ही पोरगी धावते." तिला उचलून मंडळीत आणलं आणि तिच्यासाठी 'विहीर' बसवलं.

'विहीर' म्हणजे बारा मिनिटांचा एकटीचा नाच. एक बाई खांद्यावर घागर घेऊन विहिरीवर जाते. विहीर कोरडी. ती परत येते, पुन्हा जाते, पुन्हा कोरडी. लोक कंटाळतील इतक्यांदा जाते. आणि शेवटी तिला पाण्याचा आवाज येतो. मग ती स्टेजच्या मागच्या कोपऱ्यातून पुढच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी धावत सुटते. अकरा ढांगा, त्यात तिसरी, सातवी आणि अकरावी उडी. घागर हलत नाही. शेवटच्या उडीत ती हवेत असतानाच दिवे जातात, त्यामुळे ती खाली उतरलेली कुणी पाहत नाही. मी विंगेत उभी राहून तो नाच चाळीसेक वेळा पाहिला असेन. दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि आता त्या काठीबद्दल. एवतीमच्या हातात ताल धरायला एक जाड काठी असायची, टोकाला लोखंडी वाळा. ती जमिनीवर आपटून तो ठेका द्यायचा. कधी जमिनीवर, कधी पोरींच्या पोटऱ्यांवर. तेव्हा याला शिस्त म्हणायचे. शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरात राजधानी सोफियाहून टीव्हीवाले 'विहीर' चित्रित करायला येणार होते. आदल्या दिवशीच्या तालमीत कीनाची तिसरी उडी किंचित उशिरा झाली. एवतीमने काठी फेकली, खालून, कुत्र्याला मारतात तशी. डाव्या पावलावर बसली. आवाज झाला, वाळलेली काटकी मोडल्यासारखा.

मी दारात इस्त्री केलेला झगा घेऊन उभी होते. आरशाजवळ झिव्को उभा होता, तेव्हाचा वीस वर्षांचा पोरगा, मंडळीत नवा. आणखी सात-आठ जण होते. कुणी हूं की चूं केलं नाही. एवतीम म्हणाला, "पुन्हा." कीना पुन्हा धावली. संध्याकाळी पाऊल फुगून पावासारखं झालं. एवतीमने निरोप पाठवला, उद्या नाचली नाहीस तर सरकारी घरांच्या यादीतून नाव गेलं समज. कीना तेव्हा बहिणीकडे स्वयंपाकघरात झोपत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा पाय मी बांधला. नाच अनवाणी होता, म्हणून पट्टी आधी चहाच्या पाण्यात रंगवून कातडीच्या रंगाची केली. टेपवर ती पट्टी कुठेच दिसत नाही. माझं काम चोख. थुंकावंसं वाटतं मला माझ्या त्या चोख कामावर.

शेवटच्या धावेला कीनाचं पाऊल उचललंच नाही. तिने ते ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा, अंग डावीकडे वाकवून, आणि अर्ध्या स्टेजवर पोचली तोवर दिवे गेले. विंगेत एवतीम तिच्या तोंडावर म्हणाला, "माझी विहीर बुजवलीस." हाड वाकडं जुळलं. तीन वर्षांच्या आत तिचा नाच सुटला आणि एवतीमने उपकार म्हणून तिला मागच्या दाराशी बसवली. सगळं गाव म्हणालं, काय मोठ्या मनाचा माणूस. तो जिवंत होता तोवर त्याने 'विहीर' पुन्हा केलं नाही. लाज वाटत असेल, किंवा राग. काय ते तो आपल्याबरोबर घेऊन गेला.

तो गेला आणि काही वर्षांनी झिव्को संचालक झाला. आरशाजवळचा तोच झिव्को. त्याने गुरूचा वारसा जपायचं ठरवलं आणि टेप शोधून काढली. 'विहीर'ची ती एकच टेप. आता आमच्या या धंद्यातला वेडेपणा ऐका. नाच कागदावर नसतो. ज्याने केला तो मेला आणि जिने नाचला तिला कुणी विचारत नाही, की उरते टेप. मग टेप म्हणजे देवाचा शब्द. पोरं टीव्हीसमोर बसून घटकेघटकेला थांबवत शिकतात. त्या दिवशी कीनाच्या डोळ्यावर केस आले होते आणि तिने ते मनगटाने सारले. आता प्रत्येक मुलगी त्याच ठेक्याला मनगटाने केस सारते. एका वर्षी नाचलेल्या मुलीचं डोकं पार भादरलेलं होतं, तिनेही सारले. मी विंगेत हसून हसून सुई टोचून घेतली.

पण ते तीन ओढलेले पाय. त्यावर हसू येत नाही. त्याला 'गेर्जिकोव पाऊल' असं नाव पडलं. शिबिरांत शिकवतात. सुवर्णमहोत्सवाच्या पोस्टरवर तेच छापलं होतं, वाकलेली बाई, ओढलेला डावा पाय. सोफियाहून एक विदुषी व्याख्यान द्यायला आल्या. म्हणाल्या, विहीर कोरडीच राहते, बाई पाण्यापर्यंत पोचतच नाही, हा साखळदंडातल्या राष्ट्राचा पाय आहे. कीना मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती. बी सोलून तोंडात टाकली आणि हळूच म्हणाली, "ऐकलंस दोन्का? माझ्या हाडात सगळं राष्ट्र होतं. तरीच एवढं दुखत होतं."

तिने सांगितलं नव्हतं असं नाही. वीस वर्षांपूर्वी एकदा झिव्कोला बोळात गाठून म्हणाली होती, तो शेवट तसा नाही रे, तिथे धाव आहे. झिव्को म्हणाला, "असेल ताई, पण टेपवर तसं नाही ना." मग ती गप्प बसली. मीही बसले. मला पगार मिळत होता.

या वर्षी 'विहीर' यासेनाला दिलं. बावीस वर्षांची, वार्नाकडची, सरळ मनाची पोर. झिव्को तिच्याकडून ते पाऊल दिवसाला साठ-साठ वेळा ओढून घ्यायचा, टेपशी लावून बघायचा, म्हणायचा अजून दुःख नाही आलं. एका दुपारी पोर कीनाच्या खिडकीशी पायरीवर बसली, कंबर धरून.

"कीनामावशी, टेपवर तू आहेस ना? मग सांग ना, ओढताना भार कुठे ठेवायचा? माझी कंबर गेली."

"ओढायचं नसतंच गं," कीना म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे विहिरीला पाणी होतं."

मग तिने सगळं सांगितलं. काठी, पट्टी, सगळं. पोर ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मग खरं काय आहे ते शिकव."

तीन आठवडे दुपारच्या जेवणानंतर माझ्या इस्त्रीच्या खोलीत ती शाळा भरली. कीनाला उडी कुठली मारता येतेय. ती खुर्चीवर बसायची आणि टेबलावर दोन बोटं नाचवून दाखवायची, टाळ्यांनी ठेका द्यायची, ओरडायची. "सातवीला खाली बघतेस कशाला? जमीन पळून नाही जायची." पोर म्हणायची, "मावशी, तू एवतीमपेक्षा खडूस आहेस." कीना म्हणायची, "आहेच. वासरांत लंगडी गाय शहाणी." दोघी हसायच्या. मग यासेना मागच्या लांब बोळात धावून दाखवायची, हातात घागर म्हणून माझी पाण्याची बादली.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस ते जमलं. अकरा ढांगा, तीन उड्या. बादलीतलं पाणी सांडलं नाही. अडतीस वर्षांनी मी ती धाव पाहिली आणि मला रडू आलं, अगदी हुंदके देऊन. इस्त्री तशीच ठेवली गेली आणि एका सदऱ्याची कॉलर जळली. कीना मात्र रडली नाही. म्हणाली, "एकदा, दोन्का. स्टेजवर, दिव्यांत, लोकांसमोर एकदा अशी झाली की मी किल्ल्या टाकून घरी जाते. मग पुढे जन्मभर ओढोत बापडे."

यासेनाने वचन दिलं. पण पोर प्रामाणिक, तिथेच घोटाळा झाला. चोरून करायला नको म्हणून ती झिव्कोला विचारायला गेली. मी म्हटलं, आता संपलं, पोरीला काढणार. पण दुसऱ्या दिवशी झिव्को कीनाच्या खिडकीशी हजर, हातात चीज भरलेल्या गरम बानित्साचा डबा, डोळे ओले.

"कीनाताई, एवढं मोठं दुःख पोटात ठेवून बसलात? मला एका शब्दाने का नाही सांगितलंत?"

कीना म्हणाली, "तू आरशाजवळ उभा होतास, झिव्को."

"मी? मी पोर होतो ताई, मला काय कळतंय. आता मात्र सत्य सांगायचं. रविवारी, सगळ्यांसमोर. तुम्हाला स्टेजवर बोलावणार मी."

"मला नको बोलावूस. धाव कर खरी."

"सगळं होईल, ताई. तुम्ही फक्त या."

तो गेला. कीनाने बानित्साचा एक घास खाल्ला, चांगली झालीय म्हणाली, आणि उरलेली मला दिली. मला ती गिळवेना. पण कीनाच्या तोंडावर जे उजळलं होतं ते पाहून मी बोलले नाही. रविवारी सकाळी तिने केस सेट करून घेतले. माझी चांदीची पिन मागून नेली. नवे बूट घातले, डाव्या बुटात कापूस भरून.

चार वाजता पडदा उघडला. महापौर बोलले, मंत्र्यांचा निरोप वाचला गेला, एवतीमच्या पितळी तोंडाला हार घातला. मग 'विहीर'. कीना आणि मी डाव्या विंगेत उभ्या. यासेना जीव ओतून नाचली. कोरडी विहीर, परत, पुन्हा कोरडी. कीनाचा हात माझ्या हातात होता आणि ती बोटांनी ठेका मोजत होती. पाण्याचा आवाज आला. यासेनाने मागच्या कोपऱ्यातून पाऊल टाकलं, मनगटाने केस सारले, आणि डावा पाय ओढला. एकदा. दोनदा. तीनदा. दिवे गेले. कीनाचं बोट माझ्या तळहातावर तिसऱ्या ठेक्याला थांबलं होतं.

टाळ्या पडत असतानाच झिव्को माइक घेऊन स्टेजवर आला. म्हणाला, आज एक गुपित सांगतो. शहाऐंशी साली एका तरुण नर्तकीचं तालमीत हाड मोडलं. गुरुजी तिला म्हणाले, बाळ, नाचू नकोस, आपण टीव्हीवाल्यांना परत पाठवू. पण ती ऐकेना. गुरूवरच्या भक्तीपोटी मोडलेल्या पायाने नाचली, आणि त्या वेदनेतून हे अमर पाऊल जन्मलं. ती आज आपल्यात आहे.

बाळ म्हणे. माणसं मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात असं ऐकलं होतं, इथे तर जिवंत बाईच्या टाळूवरचं खात होते, आणि वर तिलाच वाढत होते. दोन पोरींनी कीनाला दंडाला धरून मधोमध नेलं, हातात लिलीचा गुच्छ कोंबला. माइक झिव्कोच्याच हातात राहिला. कीना माइकशिवाय बोलली. मला विंगेत स्वच्छ ऐकू आलं, म्हणजे पहिल्या दोन रांगांनाही आलंच असणार.

"त्याने काठी मारली होती," ती म्हणाली. "आणि विहिरीला पाणी होतं."

पहिल्या रांगेत ती विदुषी होती. तिने मान हलवली, डोळे पुसले, आणि उठून आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मग सगळं सभागृह उभं राहिलं.

मध्यंतरानंतर नवं नृत्य होतं, झिव्कोने बसवलेलं. नाव 'वारसा'. पडदा वर गेला आणि बारा जण आले, सहा मुलगे, सहा मुली, सगळे धडधाकट, हरणासारखे पाय. आणि बाराच्या बारा जण डावा पाय ओढत स्टेजभर फिरू लागले. वाकून, एका तालात, अर्धा तास. त्यांच्या कमरांना पट्ट्या होत्या, पायांवर पट्ट्या होत्या. हो, झिव्कोने आयत्या वेळी त्या पट्ट्या वाढवल्या होत्या, आणि शनिवारी दिवसभर बसून त्या चहात रंगवल्या होत्या मीच. मला सांगितलं होतं, नवा पोशाख आहे. मी विचारलं नाही कशाला. कधी विचारलंय मी?

कीनाने ते सगळं पाहिलं. मध्येच उठून गेली नाही. पडदा पडल्यावर माझ्यामागे कपडेपटात आली, गुच्छ धुण्याच्या टबात ठेवला आणि स्टुलावर बसून डावा बूट काढला.

सहा वाजून गेले असतील. यासेना दार ढकलून आत आली, अजून 'वारसा'च्या पट्ट्यांत, चेहऱ्यावरचा रंग ओघळलेला. कीनासमोर जमिनीवरच बसली.

"मावशी, मी धावणार होते. देवाशपथ. पडद्याच्या आधी झिव्को सर आले. म्हणाले, लोक त्या पावलासाठीच आलेत, आज कीनाताईंची गोष्ट सांगायची तर पाऊल दिसायला हवं, त्यांच्याच मानासाठी. पुढच्या वेळी धावू म्हणाले. मी कोपऱ्यात उभी राहिले तोवर मी धावणारच होते."

कीनाने तिचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पट्टी सोडली. पाऊल दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, बोटं, टाच, वरचं हाड, वैद्यासारखं सावकाश.

"दुखतोय?"

"नाही."

"कुणी मारलं?"

"नाही मावशी."

"मग ओढलास कशाला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. यासेनाने माझ्याकडे पाहिलं, जणू मी मोठी आहे, मी काहीतरी सांगेन. मी सुटलेली पट्टी गुंडाळत उभी राहिले. त्या दिवशी दारात झगा धरून उभी असताना मलाही कुणी मारलं नव्हतं.